डावी वाटी

खवट हा शब्द आमच्या नियमावलीत नाही. पूर्वी होता. तो काढून टाकावा अशी शिफारस ज्या कागदावर आहे त्यावर पहिली सही माझी आहे. तेव्हा आधी स्वतःलाच चार शिव्या घालते आणि मग बाकीच्यांकडे वळते.

मी वैजयंती घरत. खारदेवी बंदरावर परदेशातून जे तयार खाणं उतरतं, बिस्किटं, सॉस, बाळांची पावडर, डबाबंद मासे, ते तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी तीस वर्षं नोकरी केली. आमची सही झाल्याशिवाय यातलं एक पाकीटही फाटकाबाहेर जात नाही. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात तपासणाऱ्याचं नाव छापतात. तुम्ही कधी वाचलं नसेल. कोण वाचतंय!

मी नोकरीला लागले त्या दिवशी आमच्या रेगे सरांनी माझ्यापुढे दोन स्टीलच्या वाट्या ठेवल्या. दोन्हींत शेंगदाण्याचं कूट, वर झाकण. म्हणाले, "उजवी ताजी, डावी खवट. रोज सकाळी आल्यावर पहिल्यांदा हुंगायच्या, मग चहा. आठ दिवसांनी मी अदलाबदल करीन, तेव्हा ओळखायच्या." मला भयंकर राग आला होता. एम.एस्सी.ला पहिली आलेली मुलगी मी, आणि हे मला कूट हुंगायला लावतात! पण नवव्या दिवशी सरांनी वाट्या फिरवल्या आणि मी डोळे मिटून बरोबर बोट ठेवलं. तेव्हापासून हे नाक माझं सगळ्यात भरवशाचं उपकरण होतं.

मग मी ते सोडलं कशाला? तर नाकावर दबाव आणता येतो म्हणून. मी शेरा मारावा 'खवट', आणि वरून साहेबांचा फोन यावा, "घरत, तुम्हाला सर्दी झालेली दिसते. दुसऱ्या कुणाला तरी हुंगू दे." एका वर्षात माझ्या नावावर अकरा सर्द्या लागल्या. दुसरीकडे आयातदार कापसाला स्पिरिट लावून डब्यांवरच्या तारखा पुसत होते आणि नव्या छापत होते. तीन वर्षं जुनी बाळांची पावडर मी 'मागच्या महिन्यातली' म्हणून आलेली पाहिली आहे. माझा जीव तुटायचा.

तेवढ्यात कालकण आले.

गोष्ट अगदी सोपी आहे. रांगोळीच्या कणापेक्षाही कितीतरी बारीक, काचेसारख्या पदार्थाचे कण. प्रत्येकाच्या पोटात रेणूंची एक लांब साखळी. माल तयार होतो त्या दिवशी चिमूटभर कण त्यात मिसळायचे. ते खाल्ले तरी पचत नाहीत, अपाय करत नाहीत. त्या साखळ्या ठरावीक गतीने तुटत जातात. माल उन्हात पडला तर भराभर, थंडीत राहिला तर हळू. बंदरावर माल आमच्या यंत्रातून जातो, ते पाकीट न उघडताच आतल्या कणांवर प्रकाश टाकतं आणि किती साखळ्या तुटल्या ते मोजतं. म्हणजे छापलेली तारीख काहीही असो, त्या अन्नाने खरोखर किती आयुष्य भोगलं ते कळतं. निम्म्याहून जास्त आयुष्य शिल्लक असेल तर हिरवा दिवा, नसेल तर लाल. यंत्राचं नाव वयमापक. त्याला सर्दी होत नाही आणि त्याला कुणाचा फोन येत नाही.

मी समितीपुढे जाऊन तावातावाने बोलले. माणसाच्या नाकावर विसंबू नका, कणांवर विसंबा. नियम नऊ झाला: 'कालकणयुक्त सीलबंद मालाचा निकाल वयमापकाने द्यावा. अधिकाऱ्याने पाकीट उघडू नये व वास, चव, रंग यांवरून शेरा मारू नये.' रेगे सर तेव्हा निवृत्तीला आले होते. भांडून भांडून त्यांनी खाली एकच ओळ घालून घेतली: 'वयमापक बंद असल्यास पाकीट उघडून जुन्या पद्धतीने तपासावे व तो निकाल अंतिम मानावा.' मी हसले होते. म्हटलं, सर, बंद कशाला पडेल ते? सर पुढे वारेपर्यंत माझ्याशी बोललेच नाहीत.

याला दहा वर्षं झाली. आता फोनमध्येसुद्धा छोटा वयमापक असतो. पाकिटासमोर फोन धरला की हिरवा ठिपका येतो आणि माणसं खातात. घरात दूध हुंगून बघणारं माणूस मला शेवटचं कधी दिसलं ते आठवत नाही.

भाद्रपदात एका रविवारी सकाळी माझी भावजय दर्शना घरी आली. माझ्या माहेरच्या गावात ती अंगणवाडी सेविका आहे. बाई एरवी दारातूनच हसत येते. त्या दिवशी चपलाही न काढता तिने पिशवीतून एक पाकीट काढलं.

"वन्सं, चहा मागाहून ठेवा. आधी हे हुंगा."

कमी वजनाच्या मुलांना देतात ती शेंगदाण्याची पेस्ट होती. परदेशातून येते, चार जिल्ह्यांतल्या अंगणवाड्यांना जाते. मी थोडी तळहातावर घेतली आणि सरांनी शिकवलं होतं तशी अंगठ्याने चोळून गरम केली. आधी व्हॅनिला आला, भसाभसा. आणखी चोळली. मग त्याच्या खालून तो वास वर आला. डावी वाटी.

"खवट आहे," मी म्हटलं.

"मेलं मी तेच म्हणते जुलैपासून!" दर्शना एकदम उसळली. "पोरं थुंकतात. दोघातिघांना जुलाब लागले. ती नभा माहीत आहे ना, आपल्या खालच्या आळीतली? तीन वर्षांची पोर, जुलैत साडेनऊ किलो होती. परवा वजन केलं तर आठ आठशे. चारीठाव मिळतंय कुठे त्या घरात? ही पेस्टच तिचा आधार, आणि तीच ती थुंकते."

"वर कळवलंस की नाही?"

"कळवलं की. ॲपवर 'मूल आहार घेत नाही' लिहिलं की खाली तीनच कारणं येतात. आजारी, गैरहजर, नखरे. पोर आजारी नव्हती, समोर बसलेली होती. मग राहिलं काय? 'नखरे' दाबलं." ती खाली टेकली. "आणि पाकीट हिरवं दाखवतं. आईला वाटतं पोरगीच हट्टी आहे. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात ना, तसं खरंच नाक दाबून भरवतात हो तिला! मी स्वतः हात धरलेत त्या पोरीचे."

मी काही बोलायच्या आत तिने पाकीट उलटं केलं आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवलं.

"हे तुमचंच नाव ना, वन्सं?"

माझंच होतं. मला त्या क्षणी जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. तीन महिने माझी सही त्या पोरीच्या तोंडात कोंबली जात होती, आणि मी ऑफिसात बसून हिरवे दिवे मोजत होते.

सोमवारी मी आमचे संचालक खासनीस यांच्या खोलीत गेले. सज्जन दिसणारा माणूस, कधी आवाज चढवत नाही. अशा माणसांची मला जास्त चीड येते. मी पाकीट टेबलावर ठेवलं. त्यांनी फोन पुढे धरला, हिरवा ठिपका आला, त्यांनी फोन खाली ठेवला.

"चार महिने वय, मॅडम. आयुष्य दोन वर्षांचं. उत्तम माल."

"साहेब, हुंगून तरी बघा!"

"मी कशाला हुंगू? माझं नाक काय सांगतं याला आपल्याकडे रकाना नाही."

"याच कंपनीचे बावीस कंटेनर नवरात्रातल्या अष्टमीला बंदरात लागतायत. त्यातली तीन पाकिटं मला उघडू द्या. चाचणी करते. चुकले तर माझी बदली करा."

"नियम नऊ."

"नियम नऊ मी लिहिलाय!"

"मग तर तुम्हाला पाठच असेल," ते शांतपणे म्हणाले, आणि पुढची फाईल उघडली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी पाकीट उचलून बाहेर आले.

पण एक प्रश्न मला सोडत नव्हता. कण खोटं बोलत नाहीत, हे मला माहीत होतं. आणि माझं नाकही खोटं बोलत नव्हतं. मग पेस्ट चार महिन्यांची कशी?

त्याचं उत्तर माझ्या पोटच्या पोरीकडे होतं. ऋजुता, माझी एकुलती एक मुलगी, वयमापक बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. खारदेवीच्या यंत्राची देखभाल तिच्याकडे, यंत्राची चावीही तिच्याचकडे. तिच्या नोकरीचे पेढे मीच वाटले होते.

मी संध्याकाळी तिच्याकडे गेले. तिने चिवडा पुढे केला. मी खोबऱ्याचा एक काप तोंडात टाकला आणि थुंकला.

"खोबरं खवट आहे, ऋजू."

तिने फोन धरला. "हिरवं आहे, आई."

"तू खाल्लंस का?"

"खाल्लं की. चांगलं लागलं."

एवढी सुगरणीची पोर मी, आणि माझ्या मुलीला खवट खोबरं कळत नाही! तिला कधी शिकवलंच नाही मी. गरजच नव्हती, हिरवा दिवा होता ना! मी बशी बाजूला सारली आणि पेस्टचं पाकीट काढलं.

"मला एक सांग. मालात कण कधी घालतात?"

"तयार होतो त्या दिवशी."

"तयार म्हणजे कधी?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "शेवटची प्रक्रिया होते त्या दिवशी."

"म्हणजे कुणी दोन-तीन वर्षांची पडून राहिलेली पेस्ट आणली, तापवली, वाफ सोडून वास काढला, व्हॅनिला ओतला, पुन्हा घोटली आणि मग कण घातले तर?"

"तर तिचं वय त्या दिवसापासून मोजायचं."

"आणि हे तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत आहे, आई! यात बेकायदा काही नाही. निर्मिती म्हणजे शेवटची प्रक्रिया, ही व्याख्या तुमच्याच समितीची. तूच होतीस ना तिथे?"

होते. लोणच्यासाठी केली होती ती व्याख्या. कैरी आणि मसाला वेगवेगळ्या दिवशीचे असतात, मग वय कुठून धरायचं, म्हणून एक सोपी ओळ लिहिली. त्या ओळीच्या भोकातून हे लोक हत्ती नेत होते. तिकडच्या देशांत जो माल कुणी कुत्र्याला घालत नाही तो न्हाऊमाखू घालून इकडे चार महिन्यांचं बाळ म्हणून पाठवत होते, आणि आमचं यंत्र त्याला टिळा लावून आत घेत होतं. सगळं कायद्यात बसवून. मला वाटलं, चोर बरे. चोराला निदान चोर म्हणता येतं.

"वास काढला तरी चरबी सडलेलीच असते," मी म्हटलं. "त्यात जीवनसत्त्व राहत नाही. पोरांची पोटं बिघडतात. एक पोर सातशे ग्रॅमने उतरलीय, ऋजू."

"पण मी काय करू? यंत्र बरोबरच चाललंय."

"खंडेनवमीला ते बंद ठेव."

"काय?"

"अष्टमीला माल उतरेल, नवमीला तपासणीला येईल. खंडेनवमीला अवजाराला विश्रांती द्यायची असते. तुझे आजोबा मिठागरावर होते. त्या दिवशी फावडी, घमेली धुऊन हळदकुंकू लावायचे, आणि कुणी हात लावला तर खेकसायचे. आपल्या प्रयोगशाळेत तुम्ही यंत्राला झेंडूची माळ घालता, नारळ फोडता, आणि ते बापडं चालूच! ही कसली पूजा? बंद ठेव. यंत्र बंद असलं की रेगे सरांची ओळ लागू होते. मला पाकीट उघडता येतं."

"आई, एक तास जरी बंद पडलं तरी मला लेखी कारण द्यावं लागतं. नोकरी जाईल माझी."

"आणि चालू ठेवलंस तर काय काय जाईल?"

"तुला ना, यंत्राचा मत्सर वाटतोय!" ती ओरडली. "तीस वर्षं नाक मिरवलंस, आता कुणी विचारत नाही म्हणून!"

"मत्सर? डोंबलाचा मत्सर!"

मी उठले. पण निघताना तिच्या स्वयंपाकघरातून दोन वाट्या घेतल्या. माझ्या पिशवीत दोन पुड्या होत्या, आणलेल्याच होत्या मी. एकीत कालच भाजलेल्या दाण्यांचं कूट, दुसरीत वर्षभर डब्याच्या तळाशी राहिलेलं. वाट्या भरून ओट्यावर ठेवल्या. "उजवी ताजी. डावी खवट. रोज सकाळी हुंग. फोन लांब ठेवून." तिने दार जरा जोरातच लावलं.

पंधरा दिवस आमच्यात एक शब्द झाला नाही.

खंडेनवमीला प्रयोगशाळेत सगळे धुतलेल्या कपड्यांत आले. वयमापक म्हणजे एक लांब बोगदा, आत निळा उजेड, एका तोंडाने पेट्या जातात आणि दुसऱ्याने येतात. त्यावर कुणीतरी झेंडूची माळ चढवली होती. आमच्याकडे एक पद्धत आहे. वयमापकामुळे नमुन्याची पाकिटं फुटतच नाहीत, सहा महिने कपाटात पडून असतात. मग खंडेनवमीला त्यातलीच काही यंत्रापुढे नैवेद्य म्हणून ठेवायची आणि सगळ्यांनी प्रसाद खायचा. त्या वर्षी तबकात बिस्किटं, चॉकलेटं होती. मी जुलैच्या पेस्टचं पाकीट त्यात ठेवलं.

ऋजुता आली. माझ्याकडे बघितलंच नाही. यंत्राला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. खासनीसांनी नारळ फोडला. यंत्र गुणगुणत होतं, बाहेर बावीस कंटेनरांतल्या पेट्यांची रांग लागली होती.

"घ्या, प्रसाद घ्या," खासनीस म्हणाले.

ऋजुताने तबकातून पेस्टचं पाकीट उचललं आणि कोपरा फाडला. बोटावर थोडी घेतली. मग थांबली. तळहातावर ठेवून अंगठ्याने चोळायला लागली. मी तिला हे कधी दाखवलं नव्हतं. लहानपणी माझ्या टेबलापाशी बसून पाहिलं असेल. तिने हात नाकाशी नेला. एकदा, पुन्हा एकदा. तिचा चेहरा हळूहळू आक्रसत गेला.

"डावी वाटी," ती म्हणाली.

कुणाला काही कळलं नाही. मला कळलं. ती यंत्रापाशी गेली, गळ्यातली चावी काढली आणि फिरवली. निळा उजेड गेला. दहा वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत शांतता झाली.

"हे काय चाललंय?" खासनीसांचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला.

"खंडेनवमी आहे, सर," ऋजुता म्हणाली. "यंत्राला विश्रांती." तिने नोंदवहीत कारण म्हणून तेच लिहिलं, वेळ घातली आणि सही केली.

मी नियमावली त्यांच्यापुढे धरली, रेगे सरांच्या ओळीवर बोट ठेवून. त्यांनी ती दोनदा वाचली. मग म्हणाले, "करा. माझ्यासमोर करा. मलाही बघायचंय."

मी तीन कंटेनरांतून तीन पाकिटं काढली, पंचांसमोर उघडली आणि तेल वेगळं केलं. पहिली चाचणी आयोडीनची. तेल ताजं सडत असेल तर निळा रंग येतो. तिन्ही नळ्या पांढऱ्याशुभ्र राहिल्या. आलाच नाही रंग.

खासनीस हसले. "झालं समाधान? आता यंत्र चालू करा."

ऋजुताचा चेहरा उतरला. पण मला हे अपेक्षित होतं. वाफेच्या मारात ती खूण धुतली जाते, हे धुणाऱ्यालाही माहीत असतं. पण तेल सडताना मागे आणखी काही जड पदार्थ राहतात, ते वाफेबरोबर उडत नाहीत. त्यांची चाचणी जुनी आहे, आता कुणी करत नाही. तिचं रसायन मी पंधरा दिवसांपूर्वीच मागवून ठेवलं होतं. ताजं तेल असेल तर ते जेमतेम फिकट पिवळं दिसतं, सडलेलं असेल तर गर्द पिवळं. मी थेंब टाकले, नळ्या अंधाऱ्या कपाटात ठेवल्या आणि घड्याळ लावलं. दहा मिनिटांनी गजर वाजला.

कपाट उघडलं. तिन्ही नळ्या यंत्राला लावलेल्या हळदीसारख्या पिवळ्या झाल्या होत्या.

"वाफेने वास जातो साहेब," मी म्हटलं, "पाप जात नाही."

आणि मी निकालपत्रात दहा वर्षांनी तो शब्द लिहिला. खवट. माणसांनी खाण्यास अयोग्य. बावीसच्या बावीस कंटेनर परत. खाली सही करताना मला वाटलं की आता तरी सर माझ्याशी बोलतील. वेडेपणाच, दुसरं काय.

आता पुढचं ऐका, कारण खरा संताप पुढेच आहे.

ऋजुताची नोकरी दसऱ्यानंतरच्या पहिल्याच दिवशी गेली. मला रेकॉर्ड विभागात बसवलं, जिथे खिडकी नाही. आणि रेगे सरांची ओळ नियमावलीतून काढली गेली. नियम करायला तीन वर्षं लागली होती, ती ओळ काढायला नऊ दिवस पुरले. व्याख्या तशीच राहिली. जुलैत गेलेला माल परत बोलवा, असं मी चार वेळा लिहिलं. उत्तर आलं की तो माल यंत्राने तपासलेला आहे, तेव्हा त्याबद्दल तक्रार संभवत नाही. संभवत नाही! आणि परत गेलेले बावीस कंटेनर? दिवाळीनंतर तीच पेस्ट नव्या पाकिटात, नव्या नावाने, दुसऱ्या कुठल्यातरी बंदरातून आत आली. जुने कण गाळलेली, पुन्हा तापवलेली, पुन्हा घोटलेली, नवे कण घातलेली. वय सव्वीस दिवस. हिरवा दिवा.

त्या रात्री मी जेवले नाही. ऋजुता माझ्याकडेच राहायला आली होती. ओट्यापाशी उभी राहून ती वाट्या हुंगत होती, आता सवयच लागली होती तिला. म्हणाली, "आई, नियम नऊ कुणासाठी आहे?"

"अधिकाऱ्यांसाठी."

"मग दर्शनामामीला तो लागू नाही."

तीस वर्षं नियम वाचण्यात घालवली आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. अधिकाऱ्याने पाकीट उघडू नये. सेविकेने उघडूच नये असं कुठे लिहिलंय? तिला तर ते उघडून भरवायचंच असतं.

पुढच्या रविवारी दर्शनाने तालुक्यातल्या एकोणचाळीस सेविका अंगणवाडीत जमवल्या. प्रत्येकीपुढे दोन वाट्या. ऋजुताने सगळ्यांचे फोन एका टोपलीत गोळा केले. मी सरांचे शब्द म्हटले: उजवी ताजी, डावी खवट, रोज सकाळी, चहाच्या आधी. बायका आधी खिदळल्या. एक म्हणाली, "आमच्या सासूला बोलवा, ती वाटीशिवायच सांगेल!" पण आठवड्याभराने त्या शिकवायला लागल्या, शेजारच्या तालुक्यात.

आज प्रयोगशाळेच्या फाटकाबाहेर अंगणवाड्यांतून परत आलेल्या पेट्यांचा ढीग आहे. रोज वाढतो. प्रत्येक पेटीवर निळ्या मार्करने मोठ्या अक्षरांत एकच शब्द लिहिलेला असतो, वेगवेगळ्या हातांचा. खासनीसांनी मला बोलावून विचारलं, "हे तुम्ही शिकवलंत?" मी म्हटलं, "हो. काढा नवा नियम." ते अजून शोधतायत कुठल्या कलमाखाली बायकांना हुंगायला बंदी घालता येईल. घालतीलही. तोपर्यंत पेट्या येतच राहतील.

आमच्या शिकवणीच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांचं झाल्यावर दर्शनाने नभाला उचलून ओट्याशी बसवलं. सध्या ती डाळभात आणि अंडं खाते, दर्शना घरून आणते. वजन नऊ किलो शंभर. कुणीतरी गंमत म्हणून दोन्ही वाट्या तिच्यापुढे धरल्या. एवढीशी पोर, पुढे वाकली, एकदा इकडे नाक नेलं, एकदा तिकडे. मग तिने डावी वाटी हाताने लांब ढकलली.

"ही नको," ती म्हणाली.

बायका टाळ्या वाजवायला लागल्या. म्हणाल्या, बघा, किती लवकर शिकली! दर्शना मात्र टाळ्या वाजवत नव्हती, तोंडावर पदर धरून उभी होती. माझाही हात उचलला गेला नाही. त्या पोरीला कुणी काही शिकवलं नव्हतं. ती जुलैपासून हेच सांगत होती.